लेकराला कुठं बीपी राहतं का?



आम्ही चितेगावच्या बचत गटांच्या बाया बोलतोय. पैठण रस्त्यावरचं आमचं गाव तुमच्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. आमच्यातल्या काही जणी सकाळी कंपनीच्या गाडीत बसतात, काही कापसाच्या रानात जातात, काही घरीच पापड-लोणची करून विकतात. आत्ता तुम्ही भाकरी थापत असाल तर थापत राहा. हाताचं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा.

आज आम्हाला बोलायचंय ते लेकरांच्या रक्तदाबाबद्दल, आणि तो वाढला तर त्यांच्या हृदयाची तपासणी कशी करतात त्याबद्दल. म्हाताऱ्या माणसांचं नाही, आपल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींचं. आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

झालं असं, की मागच्या वर्षी आमच्या ग्रामसंघानं बीपी मोजायचं एक यंत्र घेतलं. हप्त्याच्या बैठकीला सह्या झाल्या, बचत गोळा झाली, की एकेक जण हात पुढं करायची. एके दिवशी आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी घराची किल्ली न्यायला पळत पळत आली. नववीतली पोर, पंधरा वर्षांची. म्हणाली, "मावशी, माझं पण मोजा ना." आम्ही हसत हसत पट्टा बांधला. आकडा आला १४६/९२. आणि आमच्यातलीच एक जण मोठ्यानं बोलून गेली, "अगं बाई, हिला तर बीपी आहे!"

बैठकीत वीस बाया होत्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट वस्तीभर झाली. पुढच्या दोन बैठकांना त्या ताई आल्याच नाहीत. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवले. आम्हाला कळायला वेळ लागला नाही. पोरगी हाताशी आलेली, उद्या स्थळं येतील, तेव्हा कुणी म्हणालं की हिला तर लहानपणापासून बीपी आहे, तर काय करायचं?

मग आम्ही तिघी-चौघी त्यांच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. ताई बोलेनात. आजीनं चहा ठेवला आणि म्हणाल्या, "लेकराला कुठं बीपी राहतं का? तुमचं यंत्रच खोटं आहे."

मैत्रिणींनो, आजींचं म्हणणं अर्धं खरं होतं. यंत्र खोटं नव्हतं, पण आमचं मोजणं चुकीचं होतं. पळत आलेल्या पोरीचा रक्तदाब लगेच मोजायचाच नसतो. आधी तिला पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, उजवा हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवलेला. मोजताना तिनं बोलायचं नाही, आपणही बोलायचं नाही. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा दंडाच्या मापाचा हवा. गुबगुबीत दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगीच जास्त येतो. बारक्या दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा बांधला तर आकडा कमी येतो आणि खरा आजार लपून राहतो. आमच्याकडं तेव्हा एकच पट्टा होता.

पण आजींचं दुसरं अर्धं बरोबर नव्हतं. लेकरांना बीपी असतं. २०१६ ते २०१८ या काळात आपल्या देशात मुलांच्या पोषणाची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात १० ते १९ वयाच्या शंभर मुलामुलींमागं सुमारे पाच जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. साठ पोरांचा वर्ग धरा. हिशेबानं त्यात तिघं आले. आणि त्या तिघांना बहुधा काहीच जाणवत नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून तर मोजावं लागतं.

आता आकडा किती असला की काळजी करायची? तेरा वर्षं आणि त्यापुढच्या मुलामुलींना साधारण मोठ्यांसारखाच हिशेब लावतात. १२०/८० च्या खाली असेल तर चांगलं. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल तर लक्ष ठेवायचं. १३०/८० किंवा त्याच्या वर असेल तर तो वाढलेला, आणि १४०/९० च्या वर गेला तर जास्तच वाढलेला. तेरा वर्षांच्या आतल्या लेकरांचा आकडा मात्र आपण घरी ठरवायचा नाही. त्यांचं वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे बघून डॉक्टर तक्त्यावरून ठरवतात.

आणि एकदा आकडा जास्त आला म्हणजे आजार झाला, असं नसतं. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजून तिन्ही वेळा जास्त आला, तर मग नाव द्यायचं. आम्ही नेमकी हीच चूक केली. एका आकड्यावर पोरीला आजारी ठरवलं आणि तेही वीस जणींसमोर.

ताईंना हे सगळं समजावून सांगितलं. त्या मुलीला घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या डॉक्टर मॅडमनी हाताच्या यंत्रानं, कानाला नळी लावून मोजलं. पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. तिन्ही वेळा वरचा आकडा १३८ च्या खाली काही उतरला नाही. काही लेकरांचा रक्तदाब नुसता डॉक्टरांना बघून वाढतो. तशी शंका असेल तर दिवसरात्र दंडाला बांधायचं यंत्र देतात, ते चोवीस तास आपलं आपण मोजत राहतं. या मुलीचंही तसं मोजून झालं. रक्तदाब खरंच वाढलेला होता. मग मॅडम म्हणाल्या, "आता इको करून घ्या."

इको म्हटल्यावर ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे माझ्या लेकराचं काळीज खराब झालं का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच मनात येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. आपल्या विहिरीवरची मोटार आठवा. पुढचा कॉक अर्धा बंद असेल तर मोटारीला जास्त जोर लावावा लागतो. पाणी येतं, पण मोटारीवर ताण पडतो. हृदयाचंही तसंच. रक्तदाब जास्त म्हणजे पुढं अडथळा जास्त. हृदयाचा खालचा डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त ढकलतो. त्याला रोज जास्त जोर लावावा लागला तर त्याचा स्नायू जाड होत जातो, जसा ओझी उचलणाऱ्याचा दंड भरतो. दंड भरला तर चांगलं दिसतं, पण हृदयाची भिंत जाड झालेली चांगली नाही. ती ताठर होते. ओंजळीत पाणी घ्यायचं तर हात सैल सोडावा लागतो. तसं हृदयालाही रक्त भरून घ्यायला सैल व्हावं लागतं. भिंत ताठर झाली की ते नीट सैल होत नाही.

हे सगळं बाहेरून कळत नाही. पोर खेळते, हसते, जेवते. आत काय चाललंय ते इको दाखवतो. रक्तदाबानं हृदयावर काही परिणाम केलाय का, की आपण वेळेत आलोय, एवढंच त्यातून बघायचं असतं.

मुलीचे बाबा म्हणाले, "इसीजी स्वस्तात होतो, तोच करू." त्यांचंही चुकलं नाही, घरात पैसा मोजूनच खर्च होतो. पण इसीजी हृदयाची वीज आणि ठोका दाखवतो. भिंत किती जाड झाली हे मुलांमध्ये त्यावरून भरवशानं कळत नाही. त्यासाठी इकोच लागतो.

इको म्हणजे गरोदरपणी आपली सोनोग्राफी करतात तसलीच तपासणी. छातीला थंडगार जेल लावतात आणि एक छोटं यंत्र फिरवतात. पडद्यावर हृदय हलताना दिसतं. सुई नाही, भूल नाही, एक्स-रेचे किरण नाहीत, दुखत तर अजिबात नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. डाव्या कुशीवर अर्धा तास शांत पडून राहायचं, बस्स.

डॉक्टर त्यात काय काय बघतात? डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी. त्यावरून स्नायूचं वजन काढतात आणि ते लेकराच्या उंचीशी ताडून बघतात, कारण उंच पोराचं हृदय मोठंच असणार. मग हृदय रक्त किती जोरानं ढकलतं ते. सैल होऊन भरतं कसं ते. झडपा नीट आहेत का ते. आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कुठं जन्मापासून अरुंद तर नाही ना तेही. ती अरुंद असली तर हाताचा रक्तदाब जास्त आणि पायाचा कमी येतो. म्हणून डॉक्टरांनी पायाची नाडी बघितली तर नवल करू नका.

आता एक गोष्ट आपल्या बायकांची. ताईंची खरी अडचण वेगळीच होती. त्या हळूच म्हणाल्या, "छाती उघडी करावी लागते ना? पोरगी मोठी झालीय, तिथं पुरुष डॉक्टर असले तर?" मुलीनंही त्याच लाजेपायी "मी येणार नाही" असं धरलं होतं. आम्ही दवाखान्यात विचारलं. आईला किंवा सिस्टरला मुलीजवळ थांबू द्या असं सांगता येतं. समोरून उघडणारा सैल कुर्ता घालावा, वरून ओढणी किंवा चादर घ्यावी. लागेल तेवढाच भाग उघडा करतात. विचारायला लाजायचं नाही. लाजेपायी तपासणी राहून गेली तर नुकसान आपल्याच लेकीचं आहे.

जायच्या दिवशी आमच्यातली एक जण त्यांच्यासोबत गेली. गाडीभाडं आणि तपासणीच्या खर्चासाठी गटातून अंतर्गत कर्ज दिलं. ठराव लिहिताना "दवाखाना" एवढंच कारण लिहिलं, कुणाचा आणि कशाचा ते लिहिलं नाही. तेवढं शहाणपण एव्हाना आम्हाला आलं होतं.

रिपोर्ट हातात आला आणि ताई बाकावर बसून रडायलाच लागल्या. कागदावर लिहिलं होतं, ईएफ ६० टक्के. "बघा ना, लेकराचं काळीज साठ टक्केच चालतंय. चाळीस टक्के गेलं!"

हा घोळ फार जणींचा होतो. शाळेच्या मार्कांसारखे ते टक्के नसतात. हृदय एका ठोक्यात कप्प्यातलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर पडतं, उरलेलं आत राहतं. तेव्हा ६० टक्के म्हणजे हृदयाचा जोर उत्तम आहे. डॉक्टरांनी हेच सांगितलं तेव्हा कुठं ताईंनी डोळे पुसले.

पण रिपोर्टमध्ये दुसरी एक ओळ होती. डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड झालेली आहे. म्हणजे रक्तदाब बरेच दिवस वाढलेला असणार, आपल्याला कळला नव्हता एवढंच. डॉक्टर म्हणाले, "हे लवकर सापडलं. रक्तदाब आटोक्यात आला तर या वयात ही जाडी कमी होऊ शकते." लेकरांच्या बाबतीत इकोचा हाच मोठा फायदा आहे.

मग कारण शोधायचं ठरलं. लेकरांचा रक्तदाब वाढण्यामागं पुष्कळदा मूत्रपिंडाचा आजार असतो, म्हणून लघवी, रक्त आणि पोटाची सोनोग्राफी झाली. त्यात काही निघालं नाही. वजन मात्र उंचीच्या मानानं बरंच जास्त होतं, आणि आजोबांना बीपी होतंच.

ताई म्हणाल्या, "माझंच काही चुकलं का? ही जन्मली तेव्हा दोनच किलोची होती. मग सासूबाईंनी तूप-साखर चारून चारून गुटगुटीत केली."

मैत्रिणींनो, चूक कुणाचीच नाही. पण या बोलण्यात एक धागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आठ वर्षांच्या ४७७ मुलांचा अभ्यास केला होता, तो १९९९ साली छापून आला. जन्मताना वजन कमी असलेल्या मुलांचा वरचा रक्तदाब पुढं थोडा जास्त आढळला. आणि जी मुलं जन्मताना बारीक होती पण आठव्या वर्षी अंगानं मोठी झाली, त्यांच्यात मधुमेह आणि हृदयविकाराकडं नेणाऱ्या खुणा जास्त दिसल्या. म्हणजे काळजी दोन टोकांना घ्यायची. गरोदर सुनेच्या ताटात नीट वाढायचं, आणि बारीक जन्मलेल्या लेकराला घाईघाईनं गुटगुटीत करायचं नाही. "अंगानं भरलं म्हणजे तब्येत चांगली" हे आपलं जुनं माप आता बदलायला पाहिजे.

आता या मुलीचं पुढं काय झालं? हृदयाची भिंत जाड झालेली असल्यामुळं डॉक्टरांनी गोळी सुरू केली. रोज तासभर पळणं-खेळणं सांगितलं. खो-खोच्या स्पर्धा मात्र रक्तदाब खाली येईपर्यंत थांबवल्या. जेवणातलं मीठ कमी केलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे छोटा चहाचा एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, कुरकुरे, मॅगी सगळं धरून. हे ऐकून बैठकीत हशा पिकला. पापड विकणारा गटच म्हणतोय पापड कमी खा! हसायचं तर हसा. आम्ही आता आमच्या पापडातलं मीठही कमी केलंय आणि गिऱ्हाईक काही तुटलं नाही.

एक सांगणं मात्र हात जोडून. आजोबांची बीपीची गोळी अर्धी करून लेकराला देऊ नका. ताईंच्या घरी हा विचार झाला होता. लेकराची गोळी वेगळी, मात्रा वेगळी.

आणि आता स्थळाचा प्रश्न. तो राहिलेलाच आहे, आणि तो सगळ्यात अवघड आहे. ताईंचे दीर म्हणाले होते, "गोळ्या घरात लपवून द्या, लग्नाच्या वेळी बोलूच नका." आम्हाला त्यांचा राग आला नाही, कारण ही भीती आम्हीच त्यांच्या घरात घातली होती. पण विचार करा. लपवून लग्न झालं. सासरी गोळी घेता येईना, म्हणून बंद झाली. दिवस राहिले. आधीच रक्तदाब असलेल्या बाईला गरोदरपणात तो जास्त वाढायची, झटके यायची भीती असते. किंवा गोळी गुपचूप चालूच राहिली, आणि बीपीच्या काही गोळ्या तर पोटातल्या बाळाला घातक असतात. डॉक्टरांना माहीत असेल तर त्या आधीच बदलता येतात. लपवलं तर कोण बदलणार? सांगितल्यानं एखादं स्थळ जाईल. लपवल्यानं लेक जाऊ शकते. आधी अठरा पूर्ण होऊ द्या, शिक्षण होऊ द्या, आणि बोलणी होतील तेव्हा रिपोर्ट समोर ठेवा. जे घर रिपोर्ट बघून उठून जाईल, ते दुखण्यात तिच्या उशाशी थोडंच बसणार होतं?

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. तिशीच्या पुढच्यांचं बीपी बघायला आशाताई घरोघर येतात, पण लेकरं त्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी. पथक शाळेत येणार असेल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि रक्तदाबही मोजा असं सांगा. दहा ते एकोणीस वयासाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, तिथं पोरी मोकळ्या बोलू शकतात. इको लागला तर आपल्या भागातली माणसं संभाजीनगरला घाटीत जातात. चिठ्ठी आणि आधीचे आकडे लिहिलेला कागद सोबत न्या.

घरात कुणाला लहान वयात बीपी झालेलं असेल, लेकरू बारीक जन्मलेलं असेल, वजन फार असेल, झोपेत घोरत असेल, लघवीचा किंवा मूत्रपिंडाचा काही आजार झालेला असेल, तर वर्षातून एकदा तरी मोजाच. आणि आकडा १८०/१२० च्या वर गेला, किंवा जोरात डोकं दुखून उलट्या, अंधुक दिसणं, झटका, दम लागणं असं काही झालं, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

आमच्या गटात आता तीन मापाचे पट्टे आहेत. मोजायची जागा पडद्याआड आहे. आकडा ज्याचा त्याला कानात सांगायचा आणि त्याच्याच वहीत लिहायचा, असा ठराव झालाय. तो ठराव मांडला त्या ताईंनीच. त्या पुन्हा बैठकीला येतात.

मुलीचा रक्तदाब मागच्या महिन्यात १२२/७६ होता. भिंतीची जाडी कमी झाली का, ते पुढच्या इकोत कळेल. तो दिवाळीनंतर आहे. या वेळी ती स्वतःच म्हणाली, "मला काय दिसतं ते पडद्यावर नीट बघायचंय."

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात आपल्या लेकराला पाच मिनिटं शांत बसवा आणि कुणाकडून तरी नीट मोजून घ्या. आकडा चांगला आला तर आनंदच आहे. नाही आला तर घाबरू नका आणि लपवूही नका.

नमस्कार.